एकाच कापडाच्या दोन खोळी

माणसाचा खांदा म्हणजे भिंतीतली खुंटी नव्हे, हे डॉक्टरांनी बोलक्याबाईंना सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. इतकी वर्षं बाईंनी त्याला खुंटीसारखंच वागवलं होतं. उजव्या खांद्यावर जाडजूड पिशवी, पिशवीत विटेसारखा जुना लॅपटॉप, त्याचा तेवढाच जड चार्जर, चित्रांची पुठ्ठ्याची कार्डं, आरसा, पाण्याची बाटली. असं सगळं बिऱ्हाड अंगावर घेऊन त्या लोकांचे जिने चढायच्या. शेवटी खांद्यानं संप केला. हात वर जाईना, वेणी घालता येईना आणि झोपेत कूस बदलली की कळ थेट डोक्यात जायची.

बाई एका रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट होत्या. पक्षाघाताच्या झटक्यानं वाचा गेलेल्या मोठ्या माणसांना पुन्हा बोलतं करायचं, हे त्यांचं काम. जी माणसं घराबाहेर पडू शकत नव्हती त्यांच्याकडे त्या स्वतः जायच्या. बोलक्याबाई हे नाव अशाच एका घरातल्या सुनेनं ठेवलं आणि ते चिकटलं. बाई स्वतःही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत, त्यामुळे नाव चुकलं असं कुणालाच वाटलं नाही.

आता त्यांच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्याबाई म्हणत, त्यांनी तोडगा काढला. घरोघरी फिरणं बंद. तळमजल्यावर एक खोली देते, तिथे पंख्याखाली बसायचं, रुग्ण तिकडे येतील. मोठ्याबाई मनानं वाईट मुळीच नव्हत्या. बोलक्याबाईंचा दुखरा हात बघून त्यांच्याच पोटात तुटायचं. पण 'रुग्ण येतील' म्हणजे जे येऊ शकतात ते येतील. जे येऊ शकत नाहीत त्यांचं काय, हे मोठ्याबाईंनी विचारलं नाही आणि बोलक्याबाईंना मात्र त्यावाचून दुसरं काही सुचेना.

सुतारकाका येऊ शकणार नव्हते. बिनलिफ्टच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांचं घर, जिना इतका अरुंद की खुर्चीत बसवून खाली आणायचं म्हटलं तरी वळणावर अडकायचं. उजवं अंग लुळं पडलेलं. आयुष्यभर कपाटं, दारं, पलंग बनवले, हाताखाली कामाला असलेल्यांवर दिवसभर ओरडले, आणि आता तोंडात एकच शब्द उरला होता. हो. भूक लागली की हो, राग आला की हो, नको असलं तरी हो. काकू बिचाऱ्या त्या एका होकारातून नवऱ्याच्या मनातलं ओळखता ओळखता रडकुंडीला यायच्या. कितीतरी महिने बाई त्यांच्याकडे जात होत्या आणि तो शब्द काही दुसऱ्याला जागा देत नव्हता.

जुन्या लॅपटॉपचाही दोष होताच. त्याचा पडदा लहान, रंग उडालेले. झटक्यानंतर सुतारकाकांना एका बाजूचं नीट दिसत नव्हतं. पडद्यावर कप दाखवला की ते डोळे बारीक करून बघायचे आणि मग मान फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. मोठा पडदा हवा होता. आणि मोठा पडदा म्हणजे आणखी जड लॅपटॉप, म्हणजे खांद्याचा पार निकाल.

मोठ्याबाईंशी बोलून बोलून बोलक्याबाईंनी एवढंच पदरात पाडून घेतलं, की पुढच्या आठवड्यात मोठ्याबाई स्वतः सुतारकाकांकडे बरोबर येतील आणि तोवर घरभेटी तशाच चालू राहतील. जिना चढताना बाईंच्या चेहऱ्यावर कळ दिसली नाही आणि वर जाऊन काम नीट झालं, तर घरभेटी चालू. नाहीतर गुपचूप खालची खोली.

तेव्हा लेकीनं फोनवर सुचवलं, आई, हल्ली मोठ्या पडद्याचे पण अगदी पातळ, हलके लॅपटॉप मिळतात, एक घेऊन तर बघ. दुकानदार भला निघाला. आठवडाभर घरी वापरून बघा म्हणाला, पसंत नाही पडला तर परत आणा. एकच अट, कुठे ओरखडा पडला तर तो तुमचा.

लॅपटॉप घरी आला आणि बाईंच्या यजमानांच्या ताब्यात गेला. यांची नोकरी वजनमापं तपासायची. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे खरे की खोटे ते बघायचं, खोटा दिसला की जप्त. शेजारीपाजारी त्यांना काटेसाहेब म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांचा स्वतःचा काटा असायचाच. घरात येणारी कुठलीही वस्तू त्या काट्यावर चढल्याशिवाय कपाटात जात नसे. बाईंनी त्यापुढे कधीच हात टेकले होते.

खोक्यावर वजन छापलेलं होतं. काटेसाहेबांनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. छापलेलं वजन म्हणजे छापणाऱ्याचं मत, असं म्हणून त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी अलगद काट्यावर ठेवला. काटा स्थिर झाला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. वजन छापल्याप्रमाणेच होतं, तसूभरही जास्त नाही. त्यांचा चेहरा जरासा पडला. चोर पकडायला जावं आणि घरात सगळं जागच्या जागी असावं, तसं झालं त्यांचं.

तसं त्यांचं मत लपून राहिलेलं नव्हतं. बाईंनी आता बस करावं, खोलीत बसून काम करावं, वेळेवर घरी यावं, असं ते रोज सांगत. खांद्याला शेक देताना सांगत, जेवताना सांगत, गोळी हातावर ठेवताना सांगत. जगाचा उद्धार करायचा मक्ता तू एकटीनं घेतलायस का, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाई ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलत. त्यावरून दोघांत अबोलाही झाला होता, पण बोलक्याबाईंचा अबोला तो किती टिकणार.

पुढचे दोन दिवस घरात परीक्षा चालली. बाईंनी आपल्या परीनं घेतली, यांनी यांच्या. झाकण एका बोटानं उघडतं का? उघडतं, दुसऱ्या हातानं बूड धरावं लागत नाही. कपाचं चित्र लावलं तर पडदाभर कप, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. खिडकीसमोर ठेवला की मात्र कपात खिडकी दिसायला लागली, म्हणजे रुग्णाची खुर्ची फिरवून घ्यावी लागणार. आवाज थोडा किरकोळ, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण प्रत्येक शब्द सुटा कळत होता आणि बाईंना तेवढंच पुरे होतं. पंखा घरघरत नाही, मांडीवर घेतला तर चटका देत नाही, एकदा चार्ज केला की दिवसाचं काम उरकतं, म्हणजे चार्जर घरीच.

एक खोट निघाली. रुग्ण पडद्याला बोट लावून चित्र दाखवतात, आणि तेही नाजूकपणे नव्हे. काटेसाहेबांनी रुग्ण होऊन पडद्यावर बोट टेकवलं, तर पातळ झाकण लगेच मागे झुकलं. दुसऱ्यांदा टेकवलं, आणखी झुकलं. हा तर बोट दाखवलं की लोटांगण घालतो, काटेसाहेब म्हणाले आणि त्यांच्या आवाजात जरा समाधान होतं. बाई चिडल्या. बघू मी काय करायचं ते, म्हणाल्या, पण ती गोष्ट मनात खुपत राहिली.

उरली खांद्याची परीक्षा. ती घरात कशी घेणार? लॅपटॉप घेऊन बाहेर पडावं तर ओरखड्याची भीती. त्यावर तोडगा काढला काटेसाहेबांनीच. परीक्षा वजनाची आहे ना, मग वजन नेऊ, वस्तू कशाला? जुन्या कपाटातली एक फळी त्यांनी काढली, लॅपटॉपच्या मापाची कापली. काट्यावर ठेवली, कमी भरली. खाली लोखंडी चकत्या चिकटवल्या, जास्त भरली. एक चकती काढली, अर्धी कापून पुन्हा लावली. काटा लॅपटॉपच्या वजनावर येऊन थांबेपर्यंत हा माणूस ओट्यापाशी उभा. मग म्हणाले, खोळीचं वजन राहिलं. बाईंनी लॅपटॉपसाठी जुन्या पडद्याच्या निळ्या कापडाची खोळ शिवली होती. फळीलाही तशीच, त्याच कापडाची, तेवढ्याच शिलाईची खोळ पाहिजे. बाईंनी कपाळाला हात लावला आणि दुखऱ्या हातानं दुसरी खोळ शिवली.

आता जगात कुठल्या बाईनं नोकरीला जाताना पिशवीत फळी घालून नेली असेल? पण बाई गेल्या. चार दिवस फळी खांद्यावर आणि काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर. सकाळी पिशवी काटेसाहेब भरून ठेवायचे, बाईंनी हात वर करून कपाटातलं काही काढू नये म्हणून. पहिल्या दिवशी बाईंना पिशवी रिकामीच वाटली, बसमध्ये त्यांनी दोनदा हात घालून बघितलं. नंतर नंतर त्या जिने चढता चढता गुणगुणायला लागल्या. रात्री शेक घ्यायचं विसरल्या, तेव्हा काटेसाहेबांनी तापवून आणलेली शेकाची पिशवी परत नेऊन ठेवली. 

आणि मोठ्याबाईंचा दिवस उजाडला. आज खरा लॅपटॉप न्यायचा होता. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, बाईंनी ती उचलली आणि निघाल्या.

सुतारकाकांच्या जिन्यावर गंमतच झाली. बोलक्याबाई पुढे, मोठ्याबाई मागे. मधल्या मजल्यावर मोठ्याबाई कठड्याला धरून थांबल्या, त्यांना धाप लागली होती. बोलक्याबाई वरून वाकून विचारतात, पाणी देऊ का? कळ नाही, घाम नाही, चेहरा ताजातवाना. अर्धी लढाई जिंकली असं त्यांना वाटलं आणि छाती फुगवूनच त्या घरात शिरल्या.

काकूंनी खुर्ची खिडकीपासून वळवून ठेवली. सुतारकाका बसले होते, लुळा हात मांडीवर. बाईंनी पिशवीतून निळी खोळ काढली, मोठ्याबाईंना म्हणाल्या, आता बघाच किती पातळ आहे तो. आणि त्यांनी खोळ ओढली.

आतून फळी निघाली.

 मोठ्याबाई फळीकडे बघतात, मग बाईंकडे, मग पुन्हा फळीकडे. काकूंना वाटलं हे नवीन काहीतरी उपचाराचं असेल, म्हणून त्या कौतुकानं पुढे सरकल्या. बोलक्याबाईंनी पिशवीत पुन्हा हात घालून तळ चाचपला. आणि त्याच्या मागोमाग जो विचार आला त्यानं त्यांना जास्त दुखवलं. पिशवी भरली कुणी? यांनी. घरी बस म्हणून रोज कानीकपाळी ओरडतं कोण? हेच. आजचा दिवस कसला आहे हे यांना माहीत नव्हतं का? काट्याच्या बाबतीत ज्या माणसाची उभ्या आयुष्यात चूक झाली नाही त्याची आज नेमकी चूक झाली? बाईंना रडूच फुटलं असतं, पण मोठ्याबाई समोर होत्या.

त्यांनी कसंबसं सांगायला सुरुवात केली, की ही फळी वजनासाठी आहे, दोन खोळी एकाच कापडाच्या आहेत, म्हणजे ते काय झालं की. ऐकणाऱ्याला त्यातून वेडेपणाच कळला असता. मोठ्याबाई मायेनं म्हणाल्या, राहू दे ग, दमली आहेस तू. त्या मायेनं तर बाईंचा उरलासुरला धीर खचला. खालची खोली त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली.

कुणाचंच लक्ष नव्हतं तेव्हा सुतारकाकांनी चांगला डावा हात पुढे करून फळी ओढून घेतली. मांडीवर ठेवली. अंगठा कडेवरून फिरवला. काटेसाहेबांना वजन कळत होतं, लाकूड कळत नव्हतं. कडा खरखरीत, कुसळं निघालेली, एक कोपरा तर चक्क तिरका. सुतारकाकांचा अंगठा त्या कोपऱ्यावर थांबला. भुवया आक्रसल्या. तोंड हलायला लागलं, ओठ एकदा पुढे, एकदा मागे, गळ्याची शीर ताठ झाली. काकू म्हणाल्या, पाणी हवंय का हो? बोलक्याबाईंनी हात करून त्यांना गप्प केलं. त्या स्वतःही गप्प राहिल्या, आणि हे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं.

"रंधा," सुतारकाका म्हणाले. मग फळी बाईंच्या अंगावर ढकलत, दुकानात कामगारांवर ओरडायचे त्या चढ्या आवाजात, "रंधा मार!"

काकू मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. जन्मभर त्या आवाजाला त्या कंटाळल्या होत्या, आणि आता तोच आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. बोलक्याबाईंनी लगेच धागा पकडला. कशाला मारू रंधा, काका? कुठे मारू? सुतारकाका कोपऱ्यावर अंगठा आपटत पुन्हा म्हणाले, रंधा. या वेळी जरा अडखळत, पण शब्द तोच. मोठ्याबाई खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसल्या होत्या. रुग्णांना स्वतः बोलतं करायचं काम सुटून त्यांना वर्षं झाली होती.

एवढ्यात दार वाजलं. दारात काटेसाहेब. शर्ट घामानं चिकटलेला, गुडघ्यांनी दगा दिलेला, आणि दोन्ही हातांत, तान्हं मूल धरावं तशी, निळी खोळ. ज्या माणसाला घरात एक पायरी उतरताना कठडा लागतो तो एवढे मजले चढून आला होता. श्वास जागेवर येईना, पण बोलायची घाई. सवयीनं हात फळीकडेच गेला, म्हणाले. तू गेल्यावर बसल्या बसल्या म्हटलं फळीच्या कडा तरी घासून ठेवू, पॉलिशपेपर घेऊन बसलो आणि खोळ काढली तर आत हा. आणखी जरा पुढे गेलो असतो तर ओरखडा काढला असता मीच. एवढं बोलून ते काकूंनी दिलेल्या स्टुलावर टेकले आणि बाईंकडे अशा चेहऱ्यानं बघायला लागले, की आता जप्ती त्यांच्यावरच यायची आहे.

बाईंचा जीव भांड्यात पडला. लॅपटॉप आला म्हणून पडला, पण त्याहून जास्त तो चेहरा बघून पडला. मुद्दाम करणाऱ्याचा चेहरा असा नसतो.

पुढचं सगळं भरभर झालं. सुतारकाकांसमोर दुसऱ्या खुर्चीवर लॅपटॉप उघडला, पडदाभर चित्रं आली. कप, कुलूप, खुर्ची, दार. सुतारकाका डोळे बारीक न करता बघत राहिले. दार कुठलं विचारल्यावर त्यांनी बोट उगारलं आणि सुताराच्याच ताकदीनं पडद्यावर टेकवलं. झाकण मागे झुकलं. काटेसाहेबांनी स्टुलावरून डोळे मिटून घेतले. पण बाईंनी एका हातानं फळी उचलली आणि पडद्याच्या पाठीमागे, त्या खुर्चीच्या पाठीला टेकवून, उभी केली. आता बोट टेकलं तरी पडदा जागचा हलेना. सुतारकाकांनी दार दाखवलं, खुर्ची दाखवली, खुर्चीच्या चित्रापाशी थांबून काहीतरी नापसंतीचं पुटपुटले. ते शब्द कळले नाहीत, पण त्यात हो नव्हतं.

निघताना मोठ्याबाईंनी पिशवी स्वतः उचलून बघितली. एका बोटावर तोलली. मग म्हणाल्या, "खालच्या खोलीत फळी कोण घेऊन आलं असतं?"

एवढंच म्हणाल्या. उतरताना कठडा धरून, हळूहळू, पुढच्या महिन्याच्या घरभेटींबद्दल बोलत गेल्या. आणखी दोन घरं आहेत म्हणाल्या, तुझ्याकडेच देते, लिफ्ट नसलेली.

फळी मात्र परत मिळाली नाही. बाईंनी मागितली तर सुतारकाकांनी ती काखेत दाबून धरली आणि मान फिरवली. काकू म्हणाल्या, राहू द्या ताई, यांच्या हत्यारांची पेटी खाटेखालीच आहे. तशी ती फळी तिथेच राहिली, आणि पुढच्या वेळी बाई गेल्या तेव्हा तिची एक कड हाताला गुळगुळीत लागली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दोघं नवराबायको सावकाश रस्त्यानं घराकडे निघाली, यांच्या गुडघ्यांमुळे आणखी सावकाश. बाईंनी दोनदा थांबून पिशवीत हात घातला. लॅपटॉप आहे ना, एवढंच बघत होत्या. पिशवी खांद्याला लागतच नव्हती. दुकानदाराला आज फोन करून सांगू, परत येत नाही म्हणून, काटेसाहेब म्हणाले. आणि दुसरी फळी करतो मी, त्या नव्या घरांसाठी. कडा घासून देईन.

 खोटं बाईंच्या पोटात टिकत नसे, खरंही नाही.

"फळी निघाली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलीत."

काटेसाहेब थांबले. रागावले नाहीत. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर टेकून त्यांनी गुडघा चोळला.

"मनात आलं नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "पण अगं, मुद्दाम करायचं असतं तर मी फळी जड केली असती. एक चकती जास्त लावली असती की तू दुसऱ्याच दिवशी घरी बसली असतीस, आणि तुला जन्मात कळलं नसतं."

बाईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मोकळा झालेला उजवा हात, जो परवापरवापर्यंत वर जात नव्हता, तो उचलून यांच्या खांद्यावर ठेवला. चला, म्हणाल्या, घरी गेल्यावर आधी तुमच्या गुडघ्याला शेक देते.